१९०७ हे साल नव्हे : ट्रंकेत सापडलेली संगीन आणि बोल्ट

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर पाडताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत पाच वस्तू निघाल्या, असं तुम्ही लिहिलं आहे. फूटभर पात्याची संगीन, पितळी बटप्लेट (रायफलीच्या बटाच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, टोकाची पट्टी), पितळी तेलाची बाटली, गोळ्या भरायचं एक मॅगझिन आणि एक बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारून मागून बंद करणारा दांडा. आजोबा १९४६ साली फौजेतून घरी परतले. संगिनीवर मुकुटाखाली १९०७ कोरलंय, त्याच्याखाली ‘६ १७’ असं काहीतरी आणि विल्किन्सन हे नाव. बोल्टवर एक अक्षर आणि चार आकडे आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत : हे सामान पहिल्या महायुद्धातलं आहे का, बोल्टच्या नंबरावरून आजोबांची रायफल कोणती ते कळेल का, आणि उरलेले भाग जमवून ती रायफल दिवाणखान्यात लावता येईल का.

मी पोलीस दलात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, थ्री नॉट थ्री (.३०३) रायफली उघडण्यात, पुसण्यात, जोडण्यात गेली. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर मला खूप बोलायचं आहे. पण सुरुवात तिसऱ्यापासून करतो, कारण त्याचं उत्तर आधी कळलं नाही तर बाकीचं ज्ञान तुम्हाला महागात पडेल.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतच अग्निशस्त्राचे भागही धरले आहेत. ‘पूर्ण बंदूक नाही, नुसता तुकडा आहे’ हे समाधान म्हणूनच खोटं आहे. याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये दोन सवलती आहेत आणि संग्राहक नेहमी त्यांचा आधार घेतात. पहिली सवलत आहे कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारासाठी. पण ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. दुसरी आहे किरकोळ भागांसाठी; पण ते भाग, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या ताब्यातल्या पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसावा.

आता तुमचंच वाक्य पुन्हा वाचा : ‘उरलेले भाग जमवून रायफल जोडायची.’ किरकोळ भागांची सवलत हेतूवर उभी आहे आणि तो हेतू तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून मोकळे झालात. एकेक सुटा भाग हळूहळू जमवणं ही गोष्ट घड्याळाच्या किंवा रेडिओच्या संग्रहात निर्धोक असते. इथे मात्र प्रत्येक नवा भाग आधीच्या भागाचा अर्थ बदलतो. म्हणून माझं उत्तर सरळ आहे : ही रायफल जोडू नका, आणि त्यासाठी एकही भाग विकत घेऊ नका. त्यात .३०३ हा लष्करी बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. स्वसंरक्षण किंवा पीकरक्षण म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यात तो बसत नाही. म्हणून तर ईशापूरच्या रायफल कारखान्यानं नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली.

बोल्टचं आज काय करायचं? तुमचं घर ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे लेखी अर्ज द्या. वस्तू कधी, कुठे, कोणाच्या ट्रंकेत सापडल्या, आजोबांची नोकरी काय होती आणि पाचही वस्तूंची यादी त्यात लिहा, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. अर्जाआधी सामान पिशवीत घालून स्कूटरवरून नेऊ नका. पोलीस सांगतील तसं न्या. ज्याचा ताबा कायदेशीर नाही ते शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. नागपूर शहरात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. तुम्ही काटोल-सावनेरकडे राहत असता तर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. पुढे काय होईल हे परिस्थितीवर आहे. बोल्ट जमा करून घेतील, कदाचित तपासणीसाठी पाठवतील, कदाचित बटप्लेट आणि बाटली तुमच्याकडेच राहू देतील. मी बोल्टला किरकोळ भाग मानत नाही. रायफलीत नळी आणि बॉडीनंतर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला लोखंडी भाग) मोलाचा भाग तोच. संगीन हे नावही शस्त्र नियमांच्या यादीत स्पष्ट आहे. तिला परवाना लागतो की नाही हे तुमच्या भागाला कोणती अधिसूचना लागू आहे त्यावर ठरतं. म्हणून तिलाही यादीत लिहा, आणि एखाद्या वकिलाला अर्ज दाखवून घ्या. ट्रंकेच्या तळाशी काडतूस सापडलं तर त्याला हातही न लावता ठाण्यात फोन करा.

हे झालं, की आता मला आवडणाऱ्या भागाकडे येतो.

जुन्या रायफलीच्या भागावर जे ठसे असतात, त्यातला प्रत्येक ठसा वेगळ्या माणसानं, वेगळ्या वेळी, वेगळ्या कारणासाठी मारलेला असतो. एक घडणीचं नाव सांगतो, एक कारखाना सांगतो, एक तपासनीस, एक मालक आणि एक दुरुस्ती. नवखा माणूस त्यातला सर्वांत ठळक आकडा उचलतो आणि त्यालाच वय समजतो. तुमच्या १९०७ चं तेच झालंय. १९०७ हे त्या संगिनीच्या नमुन्याचं साल आहे, म्हणजे ‘१९०७ नमुन्याची संगीन’. १९१५ मध्ये बनली असो वा १९४० मध्ये, त्या नमुन्यावर १९०७ च येतं. ती केव्हा बनली हे खालचा बारीक ठसा सांगतो : ६ १७, म्हणजे जून १९१७. विल्किन्सन हा इंग्लंडमधला तलवारी बनवणारा प्रसिद्ध कारखाना. त्या काळात या संगिनी बनवणाऱ्यांपैकी तो एक.

वाचलेला ठसा वस्तूच्या अंगावर ताडून पाहायचा, ही माझी सवय. जून १९१७ ची असेल तर मुठीजवळच्या आडपट्टीला खाली वळलेला हूक नसणार, कारण तो १९१३ साली बंद झाला. मुठीच्या टोकाच्या लोखंडात आरपार एक छोटं भोक असणार. रायफलीवर बसण्याच्या खाचेत साचलेली माती काढण्यासाठी ते १९१६ पासून पाडू लागले. दोन्ही जुळलं तर ठसा आणि वस्तू एकमेकांना साक्ष देतात.

एक गोष्ट मात्र जुळत नाही, आणि तुमच्या पत्रातलं हेच मला सर्वांत आवडलं. मूळ १९०७ नमुन्याचं पातं १७ इंच लांब असतं. त्या वेळची एस.एम.एल.ई. (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) ही .३०३ रायफल आधीच्या रायफलींपेक्षा आखूड केलेली होती, तेव्हा पोहोच कमी पडू नये म्हणून संगीन लांब केली. तुमचं पातं फूटभरच आहे. पात्याच्या बाजूला जी पन्हळ असते ती कुठे संपते ते पाहा. मूळ पात्यात पन्हळ टोकाच्या बरीच आधी थांबते आणि पुढे सपाट पातं राहतं. तुमच्या पात्यात ती थेट टोकापर्यंत धावत असेल तर हे पातं १७ इंचांचं होतं आणि नंतर कापून १२ इंचांचं केलं. हे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात मोठ्या प्रमाणावर झालं. बाणाच्या खुणेखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर दिसलं तर ती भारत सरकारच्या मालकीची खूण.

म्हणजे एकाच वस्तूत तीन काळ आहेत : १९०७ चा नमुना, १९१७ ची घडण, १९४० नंतरची काटछाट. पहिल्या महायुद्धातली का? घडण हो. पण आजोबांच्या हातात आली तेव्हा ती दुसऱ्या महायुद्धातली होती.

आता बोल्टवरचा नंबर. तो तिथे का असतो हे आधी समजून घ्या, मग त्याच्याकडून किती अपेक्षा करायची ते ठरेल. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. ती कडा नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि बोल्टचं डोकं तिला मागून दाबून धरतं. त्या दोहोंमधलं अंतर नेमकं लागतं. ते वाढलं तर गोळी सुटताना काडतुसाचं पितळी कवच मागे ताणलं जातं आणि फुटू शकतं. ते अंतर कारखान्यात त्या-त्या रायफलीसाठी बसवलेलं असतं, म्हणून बोल्टच्या मुठीच्या मागे रायफलीचाच नंबर ठोकतात. बारा-पंधरा रंगरूट एका सतरंजीवर बसून हत्यार साफ करत असले की बोल्टची अदलाबदल हमखास व्हायची. कोत बंद करण्याआधी मी एकेक रायफल हातात घेऊन बॉडीचा आणि बोल्टचा नंबर मोठ्यानं वाचायचो. आमचे कोत हवालदार म्हणायचे, ‘भाऊ, जेवण थंडं होऊन राहिलं.’ तरी मी एकही नंबर सोडला नाही.

हाच नंबर बॉडीवर, नळीवर, नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या नोजकॅपवर आणि नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखालीही सापडतो. पण नुसत्या नंबरानं रायफल सापडत नाही. एक अक्षर आणि चार आकडे अशी मालिका प्रत्येक कारखान्यात चालायची आणि पुन्हा नव्यानं सुरू व्हायची. एकाच नंबराच्या अनेक रायफली असू शकतात. नंबराला अर्थ येतो तो कारखाना आणि साल जोडीला असेल तेव्हा, आणि ते दोन्ही असतात बटसॉकेटच्या उजव्या अंगावर, म्हणजे बट जिथे लोखंडात शिरतो तिथे. मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग कारखाना, साल आणि नमुना. इंग्लंडमधले एनफिल्ड आणि बी.एस.ए., ऑस्ट्रेलियातलं लिथगो किंवा आपलं ईशापूर. ईशापूरच्या रायफलींवर जी.आर.आय. दिसतं, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. तो लोखंडाचा तुकडा तुमच्याकडे नाही, आणि तो शोधायचाही नाही हे वर सांगितलंच.

शिवाय तो बोल्ट आजोबांच्याच रायफलीचा होता असंही धरू नका. भारतीय सेवेतली रायफल एका जन्मात राहत नाही. ती कारखान्यात जाते, पूर्ण उघडली जाते, झिजलेले भाग बदलतात, नंबर खोडून नवा ठोकतात, अंगावर एफ.टी.आर. (कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाल्याची खूण) आणि साल येतं. मी एका रायफलीत पहिल्या महायुद्धातली बॉडी, १९४० च्या दशकातली नळी आणि त्यानंतरचा नोजकॅप एकत्र पाहिला आहे, आणि तिन्हींवर नंबर एकच. ती बनावट नव्हती, सरकारनंच तशी बांधली होती. त्यामुळे बोल्टवर खोडलेला जुना नंबर आणि शेजारी नवा दिसला तर निराश होऊ नका. माझ्या लेखी तो न खोडलेल्या नंबरापेक्षा जास्त बोलतो.

तो .३०३ चा तरी आहे का, हेही पाहायला हवं. आपल्या भागात .३१५ च्या रायफली पुष्कळ घरांत होत्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी शिकारीसाठी, नंतर पीकरक्षणाच्या परवान्यावर. त्यांची रचना ली-एनफिल्डचीच, म्हणून सुटा बोल्ट पाहून भलेभले फसतात. इथे तुमचं मॅगझिन मदतीला येईल. .३०३ चं मॅगझिन १० गोळ्यांचं, बूड तिरपं उतरत गेलेलं. .३१५ चं पाच गोळ्यांचं, आखूड. आणि पेटीसारखं चौकोनी, खोल मॅगझिन असेल तर ते ईशापूरच्या ७.६२ मिलिमीटरच्या २-ए घराण्यातलं, म्हणजे १९६० नंतरचं. तसं निघालं तर ते आजोबांच्या फौजेच्या काळातलं असूच शकत नाही, नंतर कोणीतरी ट्रंकेत टाकलं. मॅगझिनचा एक बाजूनं फोटो पाहिल्याशिवाय यातलं काहीच मी ठामपणे सांगणार नाही.

आपल्याकडच्या पोलीस आणि तुरुंग खात्याची .४१० मस्केटही लक्षात ठेवा. जुन्या एस.एम.एल.ई.ची नळी आतून गुळगुळीत करून ईशापूरनं ती बनवली. एका वेळी एकच काडतूस, आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. असा ठोकळा कोणी ‘फुटका भाग’ म्हणून फेकून देतं, पण ओळखणाऱ्याला तो सगळं सांगून जातो.

बटप्लेटकडे तुम्ही दुर्लक्ष केलंय, पण आजोबांच्या जवळची वस्तू कदाचित तीच असेल. प्लेटची जी जीभ बटाच्या वरच्या अंगावर येते, तिच्यावर पलटणीच्या खुणा किंवा कोतचा रॅक नंबर ठोकलेला असतो. कारखान्याचा ठसा रायफल कुठे जन्मली ते सांगतो. हा ठसा ती कुठे राहिली ते सांगतो. प्लेटला उघडझाप करणारं दार असेल तर त्याच्या मागच्या पोकळीत तुमची तेलाची बाटली आणि पुलथ्रू (नळी आतून साफ करायची दोरी) राहायचा. बाटलीच्या अंगावर आणि बुडाशी बनवणाऱ्याची खूण शोधा.

आता कळकळीची विनंती : काहीही घासू नका. तुम्ही पितळ ‘चकाचक करून’ फोटो पाठवतो म्हणालात, तेवढं करू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका नोजकॅपवरचा गंज पॉलिश पेपरनं काढला, आणि गंजाखाली असलेला जुना नंबर त्याच्याबरोबर गेला. उस्तादांनी तो भाग माझ्या हातातून काढून घेतला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तो नंबर काय होता हे आता कोणालाच कळणार नाही, याची टोचणी मला आजही आहे. चिंच, लिंबू, मीठ, राख, तारेची घासणी, यातलं काहीही ठशाजवळ नको. मऊ फडक्याला थोडं रॉकेल लावून मळ भिजवा, दातकोरण्यानं खाचेतला उकरा, पुन्हा पुसा. ठसा वाचायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च वस्तूला जवळजवळ आडवा धरा. समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. तरीही नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा, आपण लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसा. तो कागद जपून ठेवा, फोटोपेक्षा उपयोगी पडतो.

ठेवण्याबद्दल नागपूरची एक खास अडचण आहे. लोकांना पावसाळ्याची भीती वाटते, पण मी जास्त गंज उन्हाळ्यात पाहिला, कूलरच्या खोलीत. एप्रिल ते जून खसाच्या ताट्यांतून ओली हवा रात्रंदिवस त्या खोलीत येते आणि पोलादाला घाम फुटतो. संगीन कूलर नसलेल्या खोलीत, हलकं तेल लावून, म्यानाबाहेर ठेवा. चामड्याच्या म्यानात ओल आणि आम्ल दोन्ही साठतं. मुठीच्या अक्रोडी लाकडाला घाण्याचं कच्चं जवसाचं तेल दोन थेंब, तळव्यानं चोळून. जवस आपल्याकडचंच पीक, चांगलं तेल मिळायला अडचण नाही. व्हार्निश मात्र नको.

संग्रह करायचाच असेल, आणि तुमच्या पत्रातली ओढ मला खरी वाटली, तर रायफलीभोवतीचं जग जमवा. पितळी आणि नंतरच्या काळातल्या तेलाच्या बाटल्या, पुलथ्रू, साल ठोकलेले जाड सुती पट्टे, बॅन्डोलिअर (खांद्यावरून घ्यायचा काडतुसांचा पट्टा), फौजेच्या प्रशिक्षणाच्या जुन्या पुस्तिका, छावणीतले फोटो, पेन्सिलचे छाप. यातल्या बहुतेक वस्तूंवर बाणाची खूण आणि साल असतं, वाचायचा आनंद तोच आणि ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. भंगारात किंवा ऑनलाइन संगीन, बोल्ट, नळी दिसली तर मोह आवरा. ‘अँटिक आहे, कागद लागत नाही’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा कागद नसल्याची जबाबदारी तो तुमच्या गळ्यात घालत असतो. आणि जे विकतात त्यात नकलाही असतात. वायव्य सरहद्दीकडच्या हाती बनवलेल्या रायफलींवर एनफिल्ड या इंग्रजी नावातलं एन उलटं कोरलेलं सापडतं, किंवा व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असतात. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली आणि एस.एम.एल.ई. त्यानंतर आली, तेव्हा अशा रायफलीवर राणीचं नाव दिसलं की पुढचं काही तपासायची गरज नाही.

खरी, शाबूत हत्यारं पाहायची असतील तर सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनचं हे संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत धावत पाहिलेलं असतं. आता वही घेऊन, एका कपाटासमोर अर्धा तास उभं राहून पाहा.

आता आजोबा. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो : ते कुठे होते, त्यांनी काय पाहिलं. बोल्टकडून ते कळणार नाही. त्याच ट्रंकेत कागद आहेत का ते पाहा, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखालीसुद्धा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला शिपाई नंबर, पलटणीचं नाव असलेलं पाकीट, यातलं एक जरी मिळालं तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. त्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस आज कुठे आहे याची वाट तिथून सापडते. पदकांच्या कडा नीट पाहा, बहुतेक जण पुढची बाजूच पाहतात.

ठाण्यातलं काम उरकलं की बटप्लेटच्या जिभेचा पेन्सिल छाप आणि मॅगझिनचा बाजूनं काढलेला फोटो एवढ्या दोन गोष्टी पाठवा. फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. त्यावरून मॅगझिन कोणत्या घराण्यातलं ते नक्की सांगता येईल, आणि जिभेवरची अक्षरं शाबूत असतील तर कदाचित पलटणही.